मिस्टेक झाली म्हणे

मी नांदेडला ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते. म्हणजे माझी निम्मी नोकरी दुसऱ्यांच्या चुकांवर चालते. दरवर्षी बारावीच्या वर्गात एक तास असा येतो की फळ्यावर चुकण्याचे शब्द लिहून द्यावे लागतात. इंग्रजीत या मालाचा तुटवडा नाही. हातून सहज निसटली तर स्लिप, नजरेतून सुटली तर ओव्हरसाइट, यंत्राकडून झाली तर एरर, मोठी घोडचूक असेल तर ब्लंडर आणि धड काम करता न आल्यामुळं पार विचका केला तर बॉच. पोरं उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि वर्गाबाहेर पडली की एकच शब्द वापरतात, मिस्टेक.

एका वर्षी मी ब्लंडरचं वाक्य करायला सांगितलं. हदगावकडची एक मुलगी उभी राहिली आणि मराठीतच म्हणाली, "मॅडम, भावाचा पेपर गेला तर घरी मिस्टेक म्हणतात. माझा गेला तर ब्लंडर." वर्ग हसला. मला हसू आलं नाही. मी तिला बस म्हटलं आणि पुढचा शब्द घेतला, पण त्या दिवशी माझं डोकं तापलेलंच राहिलं.

माझ्या नाकावर राग असतो असं स्टाफरूममध्ये सगळे म्हणतात. खरं आहे, असतो. आमच्या गल्लीतल्या शिंपीचाचांशी माझं दर सणाला भांडण होतं. एक बाही आखूड शिवून ठेवतात आणि वर शांतपणे सांगतात की बाजी, थोडी मिस्टेक हो गई, कपडे में ही फॉल्ट था. कपड्यात फॉल्ट! मी तणतणत घरी येते, उसवून पुन्हा शिवून घेते आणि पुढच्या सणाला परत त्यांच्याकडंच जाते, कारण माणूस चांगला आहे आणि आखूड बाहीनं कुणाचं काही मोडत नाही. तो राग दोन कप चहात उतरतो.

पण एक राग माझा अजून उतरलेला नाही. तो माझ्या आईच्या कवळीचा आहे.

आई गावी राहते, शिरूर अनंतपाळ तालुक्यात. वडील गेले, भाऊ नोकरीपायी पुण्याला, मी नांदेडला. गावच्या घरात आई आणि भिंतीपलीकडं थोरले काका, म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ, आईचे भाये. काकू कधीच्याच वारल्या, त्यामुळं काकांचं चहापाणी, जेवण आईकडंच. काका तालुक्याच्या कचेरीतून रिटायर झालेले. इस्त्रीचे कपडे, खिशाला पेन आणि बोलण्यात कचेरीतली इंग्रजी. त्यांच्याकडं कुठलीही गोष्ट बिघडत नाही. तिच्यात क्लेरिकल मिस्टेक होते. विहिरीवरची मोटार जळाली तरी क्लेरिकल मिस्टेक. माणूस वाईट नाही, हे मी रागात असतानाही सांगते. वडील गेल्यावर आईचं दुखणंखुपणं त्यांनीच पाहिलं. पण पाहिलं म्हणजे सगळं आपल्या हातात ठेवून पाहिलं. डॉक्टर कोणता, जायचं कधी, विचारायचं काय, सांगायचं काय, सगळं तेच ठरवायचे.

आणि आई त्यांच्याशी बोलत नाही. भांडण आहे म्हणून नाही, रीत आहे म्हणून. आमच्याकडं सून भायांसमोर पदर घेते, मान खाली घालते, समोर जेवत नाही आणि सरळ बोलत तर नाहीच. सांगायचं असेल तर मधे कुणीतरी लागतं. लहानपणी ते काम माझ्याकडं होतं. दोघंही एकाच ओसरीत असायचे आणि आई मला म्हणायची, थोरल्यांस्नी म्हणावं चहा ठिवलाय. काकांनी ते ऐकलेलं असायचं, तरी मी जाऊन सांगायची आणि काका मला म्हणायचे, आण म्हणावं. मला तेव्हा ती गंमत वाटायची. घरात पोरंबाळं उरली नाहीत तेव्हा आई भिंतीशी बोलायला लागली. चहा झालाय, असं ती चुलीकडं बघून जरा मोठ्यानं म्हणायची आणि काका उठून यायचे. एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं त्यांच्या तोंडाकडं बघून एक वाक्य उच्चारलेलं मी ऐकलं नव्हतं.

आईचे दात हलायला लागले आणि एकेक करून सगळे काढावे लागले. आता माझी आई म्हणजे भाकरी. ज्वारीची, तीही कडक, कडेला थोडी करपलेली. वरचा पापुद्रा वेगळा काढून, त्यावर शेंगदाण्याची चटणी आणि तेल घेऊन ती कुरुमकुरुम चावत बसायची. कामं उरकली, सगळी जेवून गेली की ती एकटी चुलीपाशी बसून खायची आणि ते चावणं घरभर ऐकू यायचं. तिला दुसरा कसलाच शौक नव्हता. साडी द्या, बांगडी द्या, ठेवून देणार. भाकरी मात्र तिला मनासारखी लागायची. दात गेल्यावर ती दुधात कुस्करून खायला लागली आणि फोनवर म्हणाली, "बाळाचं खानं खाऊन राहिले माय मी." हसून म्हणाली, पण तिचं मन मला कळत होतं.

लातूरला कवळी करायचं ठरलं. डॉक्टर काकांच्या ओळखीतला, तरुण, गोड बोलणारा. मापं घ्यायची, मग मेणाचा साचा तोंडात बसवून जबडा मिटवून बघायचा, मग कवळी तयार होणार. माझी कॉलेजात परीक्षेची ड्यूटी होती. काका म्हणाले, तू कशाला येतेस, मी हाय की. त्यांची गाडी होती, ड्रायव्हर होता. ते पुढं बसायचे, आई मागं. दिवाळी झाल्यावर कवळी आली आणि काकांनी मला फोन केला की काम परफेक्ट झालं.

आई फोनवर म्हणायची, बसंल हळूहळू. दुखते का विचारलं की म्हणायची, नवी हाय, सवय न्हाई. मीही ऐकून घेत राहिले. चष्मा नवा असला तरी चार दिवस जड वाटतो, असं मला वाटलं.

हुरड्याच्या दिवसांत मी गावी गेले तेव्हा आईचं ब्लाउज अंगावर लोंबत होतं. मनगट एवढं बारीक झालेलं. शेतात आगटी पेटवली होती, गरम कणसं चोळून ती सगळ्यांच्या हातावर हुरडा ठेवत होती. काका, त्यांचे दोन पाहुणे, मी. सगळ्यांना झाल्यावर पाहुण्यांकडं पाठ करून तिनं चार दाणे तोंडात टाकले, जरा वेळ घोळवले आणि पदरात थुंकले. कोवळा हुरडा! बिनदाताचं लेकरूसुद्धा तो चघळतं. मी तिला बाजूला नेलं, कवळी काढायला लावली. आधी ती तयार होईना. मग एकदा चावून दाखवलं आणि काढली. समोरचे दात एकमेकांवर आपटत होते आणि दाढा एकमेकींना टेकतच नव्हत्या. चावायला गेली की पुढून दाब यायचा आणि मागं कवळी उचलायची. हिरडी सोलवटली होती. हिवाळाभर ती खिचडी आणि दुधात भिजवलेल्या भाकरीवर जगत होती आणि ती कवळी मात्र दिवसभर तोंडात ठेवत होती, कारण थोरल्यांनी करून दिली होती.

मी काकांकडं गेले. आवाज चढला होता हे कबूल. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, मायनर मिस्टेक असंल, ॲडजस्ट होते. मी म्हटलं, तिच्या हिरडीतून रक्त येतंय काका. ते म्हणाले की डॉक्टरनं त्यांच्यासमोर विचारलं होतं, दुखतं का, आणि तिनं नाही म्हटलं होतं. मी विचारलं, तिनं म्हटलं की तुम्ही म्हटलं?  काका म्हणाले, "मी म्हटलं. ती मान हलवत होती ना."

रात्रभर माझ्या डोळ्यासमोर तो दवाखाना येत राहिला, जो मी पाहिलाही नव्हता. आई खुर्चीवर. शेजारी स्टुलावर काका. डॉक्टर आईला विचारतोय आणि काका उत्तर देतायत. आणि आई, भाये हातभर अंतरावर बसलेले असताना, तोंड उघडतेय. कुठलं उघडते! जिनं आयुष्यभर त्यांच्यासमोर घास खाल्ला नाही, ती दात नसलेलं तोंड आ वासून दाखवणार होती?

सकाळी मी डॉक्टरला फोन केला. तो पहिल्या वाक्यालाच सॉरी म्हणाला. त्या सॉरीनं मी जास्त भडकले, कारण तो ते इतकं सहज म्हणाला की फोनवर आधी हॅलो म्हणावं आणि मग सॉरी म्हणावं असा त्याचा नेमच असावा. मग त्यानं सांगितलं की बाईट, म्हणजे मिटलेल्या जबड्याचं माप, घेताना थोडी एरर आली असेल, पेशंटनं को-ऑपरेट केलं नव्हतं. मी फळ्यावर लिहिते तसले शब्द त्यानं चार मिनिटांत वापरले. एरर, मिस्टेक, मिसअंडरस्टँडिंग. कुठल्याही वाक्यात माणूस नव्हता. एरर आली, मिस्टेक झाली, मिसअंडरस्टँडिंग झाली, जशी थंडी येते आणि पाऊस पडतो. मी मराठीत विचारलं, को-ऑपरेट केलं नाही म्हणजे नेमकं काय केलं नाही? तो म्हणाला, मान वर करत नव्हत्या. मान खाली असली की जबडा पुढं सरकतो, माप चुकतं.

"मग तुम्ही माप घेतलं कसं?"

तो म्हणाला, मी दोनदा सांगितलं मॅडम, पण सोबतचे बाबा म्हणाले, तिची सवयच आहे तशी.

म्हणजे डॉक्टरला दिसत होतं. मान खाली आहे, माप चुकणार आहे, हे शिकलेल्या माणसाला दिसत होतं. त्यानं पेशंटला सोडून बाबांना विचारलं, बाबांनी सवय आहे म्हणून सांगितलं आणि त्यानं चुकलेलं माप तसंच पुढं पाठवलं. आणि काकांना एवढंही सुचलं नाही की ती मान आपल्यामुळंच खाली आहे. आणि कसं सुचणार? त्यांनी तिला मान वर असताना कधी पाहिलंच नव्हतं. त्यांना ती तशीच जन्माला आली असं वाटत असणार.

आणि सगळ्यात जास्त राग मला आईचाच आला, हेही लिहून टाकते. चुलीपाशी बसलेल्या तिला मी म्हटलं, अगं, दवाखान्यात कसली रीत? दात तुझे, तोंड तुझं, एकदा तरी म्हणायचंस की बाहेर बसा. ती भाकरी थापत होती, दुसऱ्यांसाठी. थापता थापता म्हणाली, "थोरल्यांसमोर आ करू का मी? लाजेनं मेले अस्ते." आणि परातीतलं पीठ गोळा करायला लागली. तिच्यावर ओरडून काही होणार नव्हतं.

पुन्हा माप द्यायला जायचं ठरलं. डॉक्टर तयार झाला, कारण मी त्याला तयार होण्यावाचून दुसरा रस्ता ठेवला नव्हता. मी आईला एसटीनं न्यायचं म्हणत होते. सकाळी बघते तर दारात काकांची गाडी उभी, काका पुढच्या सीटवर, खिशाला पेन. मी त्यांना नीट सांगितलं की मी आहे बरोबर, तुम्ही त्रास घेऊ नका. ते म्हणाले, मागच्या टायमाला जी मिस्टेक झाली ती आता होऊ द्यायची न्हाई, मी समोर असलेलं बरं. आई मागं बसली होती, पदर कपाळापर्यंत. सगळी वाट ती खिडकीतून बाहेर बघत राहिली.

दवाखान्यात आईला खुर्चीवर बसवलं. काका आपसूक आत आले आणि त्या स्टुलावर बसले, आपली ठरलेली जागा असल्यासारखे. आईची मान लगेच खाली गेली. मी डॉक्टरकडं बघितलं. तो हातमोजे चढवत राहिला. त्याला सगळं माहीत होतं, फोनवर मला त्यानंच सांगितलं होतं, आणि तरी तो बाबांना उठा म्हणत नव्हता. मीच म्हटलं, काका, तुम्ही बाहेर बसा. थोडं कडक म्हटलं असेन. काकांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "मी काय परका हाय का? आजपर्यंत हिचं सगळं मीच केलं ना?"

मी उत्तर देणार तेवढ्यात आईनं पदर कपाळावरून मागं सारला. मान वर केली. बिनदाताचं तोंड, आत गेलेले गाल, सगळं उघडं. तिनं सरळ काकांकडं बघितलं.

"परके न्हाई, थोरले हाव. तुमी जरा भायर बसा."

आवाज मोठा नव्हता. काका उठले. त्यांचा हात खिशाच्या पेनाकडं गेला, तसाच खाली आला आणि ते पडदा सारून बाहेर गेले. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या नाहीत. मला रडू आलं आणि रडू आल्याचा पुन्हा रागच आला. एवढंसं वाक्य, आणि ते म्हणायला तिला तिची हिरडी सोलून घ्यावी लागली.

डॉक्टरनं दिवा ओढला, आ करा म्हणाला. आईनं आ केला, पुरता, घशापर्यंत दिसेल असा. तो वाकून बघत राहिला. मग त्यानं विचारलं, आजी, एवढं दुखत होतं?

"हाव," आई म्हणाली. "लई दुखलं. तवाबी दुखलं, माप घेतलं तवाच."

तो म्हणाला, माझं चुकलं आजी, मी तेव्हाच त्यांना बाहेर पाठवायला पाहिजे होतं. फोनवरच्या सगळ्या इंग्रजीपेक्षा एवढं एक वाक्य मला बरं वाटलं, पण माफ करावं असं काही वाटलं नाही. आई मात्र म्हणाली, "आता नीट घ्या, लेकरा." हिरडी बरी झाल्यावर मेणाचा साचा बसवायला पुन्हा बोलावलं. तेव्हा आई आणि मी एसटीनं गेलो.

काकांनी गावात काय सांगितलं ते मला चुलत बहिणीकडून कळलं. दवाखान्यात जरा मिसअंडरस्टँडिंग झाली, असं ते म्हणाले. मी नांदेडहून फोन लावून त्यांना विचारणार होते की काका, कुणाचा काय समज चुकला ते तरी सांगा. नंबर काढलासुद्धा. मग लावला नाही. ते म्हातारे आहेत, एकटे आहेत आणि त्यांना त्या शब्दापलीकडं जायला रस्ताच नाही, हे मला समजतं. समजतं म्हणून राग जातो असं नाही. आई अशी वाळलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे.

नवी कवळी आली तेव्हा ज्वारीची खळी उरकली होती. मी सुट्टीत गावी गेले. आईनं नव्या ज्वारीची भाकरी केली, कडक, कडेला करपलेली. काकांचं जेवण ओसरीवर देऊन झालं होतं. ती चुलीपाशी बसली, पापुद्रा काढला, त्यावर चटणी आणि तेल घेतलं आणि पहिला घास तोंडात घातला. मी दारात उभी होते. दाढेवर दाढ टेकली आणि तो आवाज आला, कुरुम. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, डोळे मिटून चावत राहिली.

तेवढ्यात ओसरीवरून काकांच्या खाकरण्याचा आवाज आला. तांब्यातलं पाणी संपलं की ते असं खाकरतात आणि आई हातातलं टाकून उठते, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक आहे. मी पाण्याकडं जायला वळले तर आईनं हातानंच मला बस म्हणून खुणावलं. काका पुन्हा खाकरले. आई सावकाश चावत होती. घास पुरता चावून, गिळून झाला, तेव्हा तिनं ओसरीच्या दिशेनं तोंड केलं आणि म्हणाली, "थांबा जरा. जेवून राहिले मी."